सांभाळायला घेतलेला लेक

बोरी अरबच्या बाजारात कुणालाही गावंडे सरांचं घर विचारलं, तर तो घर दाखवतो आणि वरून एक वाक्य फुकट देतो : "थेच ना, भर सभेत मायले 'मी तुहा कोनी नाही' म्हननारे?"

तसं सर बोलले होते, हे खरं आहे. मी ते फार जवळून ऐकलं, कारण माइक माझ्या हातात होता. ते का बोलले, हे बोरीत त्यांच्या घराबाहेर फक्त मला माहीत होतं. मी मात्र कुणाला काही सांगितलं नाही.

सरांच्या आई, सुभद्राबाई, गेल्या हिवाळ्यात वारल्या. महिनाभराने मी सरांना विचारलं, आता हे लिहू का? ते मग म्हणाले, "लिवा. आता तिच्या कानावर नाही जात. पन तिचं हासं नका होऊ देऊ." ती अट पाळून लिहितो आहे.

त्यांचं हजेरीपटावरचं नाव उकंडा महादेव गावंडे. आमच्या भागात ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथे जगलेल्या पोराला असं नाव मिळतं. उकंडा म्हणजे उकिरडा. उकिरड्यावरचं कुणी उचलून नेत नाही, असा त्यामागचा हिशेब. शहरातून बदलून आलेले एक मुख्याध्यापक त्यांना म्हणाले होते, "गावंडे, राजपत्रात नाव बदलून घ्या, चांगलं दिसत नाही." सर म्हणाले, "साहेब, याच नावानं इथलोक आलो. आता उतरलो तं पडीन."

ते महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचे. तरुण वयात आमच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला आले, आणि विधवा आईला सोबत घेऊन आले. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायचो, वयाने त्यांच्यापेक्षा थोडा मोठा. सर उंच आणि काटकुळे. चालताना दर पावलाला समोर नाली असल्यासारखे पाय उचलायचे. वर्गात वऱ्हाडीत शिकवायचे आणि फळ्यावर मात्र पुस्तकी मराठी लिहायचे. "बोलाचं घरचं, लिवाचं परीक्षेचं," असं ते पोरांना सांगत.

त्यांच्या वर्गाची एक रीत होती. ज्याचा वाढदिवस असेल, त्या मुलाने किंवा मुलीने पुढे यायचं, डोळे मिटून पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि बोट ठेवायचं. बोट जिथे पडेल तो प्रदेश त्या दिवशी शिकवायचा.

"शबाना, ऊठ. फिरव पृथ्वी."

शबानाचं बोट पॅसिफिकच्या मधोमध पडलं.

"घ्या! शबानाबाईनं सारा वर्ग बुडवला. आता पोहा मुकाट्यानं."

मग सबंध तासभर ते वर्गाला त्या पाण्यात पोहवत. खोली, प्रवाह, बेटं, बेटांवरचे नारळ, सगळं त्यात यायचं. एकदा मारुती राठोड नावाच्या तांड्यावरच्या पोराचं बोट फिरून फिरून नेमकं विदर्भावर आलं, तेव्हा सर म्हणाले, "लेका, साऱ्या जगात जागा होती, अन् तू सांजच्याले घरीच आला?" आणि त्या दिवशी त्यांनी बोरीचा नाला शिकवला. तो कुठून निघतो, कुठे मिळतो, पूर येतो तेव्हा कोणाच्या घरात आधी शिरतो. मारुतीच्या घरात आधी शिरायचा. त्या तासाला मारुती वर्गातला सगळ्यात मोठा माणूस होता.

मी एकदा म्हटलं, "गावंडे, असा अभ्यासक्रम कसा संपेल?"

"अभ्यासक्रम कोठी पळून चालला, ढोले सर? वाढदिवस सांजच्याले संपते."

शाळेतल्या प्रत्येक पोराचा वाढदिवस त्यांना पाठ होता. स्वतःच्या वाढदिवसाचं मात्र वेगळं होतं. शाळेच्या दाखल्यावर त्यांचा जन्म एक जुलैचा. त्या काळी आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जुलै टाकून मोकळे व्हायचे, त्यामुळे आमची निम्मी स्टाफरूम त्याच दिवशी जन्मलेली होती. त्या दिवशी पेढ्यांचा डबा यायचा, आणि हार घालून घ्यायला गावंडे सर सगळ्यांच्या पुढे असायचे. "घाला बाप्पा, घाला. आज माहा जलम झालाच नाही, मंग भ्याचं कायले?" आम्ही हसायचो. ती गंमत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

खरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली लहान लेकरं नवे कपडे घालून, लाकडाचे बैल ओढत घरोघर फिरतात आणि लोक त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, देतात. सगळ्या गावाने लेकरांचं कौतुक करायचा तो दिवस. एका वर्षी त्या दिवशी मी सहज त्यांच्या घरी गेलो. दार ओढलेलं होतं. सर आत जुन्या बनियनवर बसले होते. त्यांची बायको, निर्मलावहिनी, चहा देता देता बोलून गेल्या, "आज ह्यायचा..." एवढ्यात ओट्यावर बसलेल्या सुभद्राबाई जोरात खोकल्या. वहिनींनी जीभ चावली. सर म्हणाले, "कोनाचा काही नाही. चहा घ्या, थंडा होते."

त्यांच्या आणखी खोडी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

नवा कपडा ते कधी पहिल्यांदा घालायचे नाहीत. दिवाळी आली की नवा सदरा घेऊन माझ्याकडे यायचे. "ढोले सर, एक दिवस घालून द्या." मी अंगाने भरलेला, ते काडी. गुंड्या ताणायच्या, बगलेत शिवण उसवायची. ते खूष होत. "उसवला? मंग तं लयच बेस झालं." मोटारसायकल घेतली, तेव्हा दारव्ह्याहून आम्ही दोघं तिच्यावर येत होतो. गावाबाहेर त्यांनी गाडी थांबवली, रस्त्यावरचा एक खडा उचलला आणि चकचकीत टाकीवर करकर रेघ ओढली. मी ओरडलोच. ते म्हणाले, "काहून बोंबलता? नजरेले बसाले पाट ठेवला. पाटावर बसली की आत येत नाही." कुणी तब्येत चांगली आहे म्हटलं की लगेच त्यांना आजार आठवायचा. "कोठची बाप्पा! गुडघे गेले, पित्त हाये." हाच माणूस सायकलवर दारव्ह्याला जाऊन यायचा.

आणि सुभद्राबाई. एवढीशी बाई, आवाज मात्र पाणी भरायच्या जागेवरून शाळेपर्यंत पोचेल असा. त्या सरांना "सर" म्हणायच्या. "सर जेवले का? सराईले सांगजो, दूध आलं." आम्हाला वाटायचं, लेक मास्तर झाल्याचा तोरा आहे. त्या कधी "माहा लेक" म्हणाल्या नाहीत, हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

एकदा सरांना टायफॉइड झाला. मी भेटायला गेलो, तर आत उशाशी निर्मलावहिनी, आणि बाई बाहेर ओट्यावर. जाणाऱ्या येणाऱ्याला मोठ्याने सांगत होत्या, "सराईले ताप हाये म्हन्ते. असन बाप्पा, आपल्याले काय करायचं!" मला राग आला. एवढी कठोर आई? मग मी पाहिलं, त्यांनी ओट्यावर अशी जागा धरली होती की खिडकीच्या फटीतून पलंग दिसावा. ताप उतरेपर्यंत त्या तिथून फारशा हलल्या नाहीत. वहिनी त्यांचं ताटही तिथेच नेऊन द्यायच्या.

दहावीच्या पेपर तपासणीला आम्ही यवतमाळला गेलो होतो, तेव्हा मी सरांना विचारलं. बसस्टँडसमोर भजे खात होतो. मी म्हटलं, "गावंडे, तुमच्या घरी काय भानगड आहे? आई तुमच्याशी अशी का वागते?"

ते हसले. मग भज्याचा घास हातातच धरून त्यांनी सांगितलं.

त्यांच्याआधी सुभद्राबाईंना तीन लेकरं झाली, तिन्ही गेली. तिसऱ्या खेपेला त्यांनी जुना उपाय केला होता. बाळाला उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीने ते "सापडलं" म्हणून उचलायचं, आणि मग आईने सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून ते विकत घ्यायचं. म्हणजे लेकरं नेणाऱ्या सटवाईला वाटावं की हे लेकरू हिचं नाहीच, कोंड्याच्या भावाने आणलेलं आहे. तरीही तो मुलगा गेला.

"मंग मी झालो, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. बाहेर साऱ्या गावाची लेकरं नटून फिरून राह्यलती. बाईनं मले उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या फातमाबीनं उचललं. चुड्या विकायची थे. फातमाबी म्हने, 'ला सुभद्रा, कोंडा ला, ले जा.' बाई म्हने, 'नाही. मागच्या डावी कोंडा देऊन घेतलं, तं माह्या मालकीचं झालं. म्हनून गेलं. हा तुहाच राहू दे. मी फक्त सांभाळाले नेतो.'"

"आणि फातमाबीने मान्य केलं?"

"मान्य? तिनं जलमभर केलं! ईदले मले नवा कुर्ता. आदी आपल्या पोट्ट्याले घालाची, मंग मले. पाटी तिनं घेऊन देल्ली. माह्या लग्नात पयली हयद तिनं लावली. आमच्या पावन्यायनं तोंडं वाकडी केली, तं बाई म्हने, 'ज्याचं लेकरू थो हयद लावन. आपन तं जेवाले आलो.'"

फातमाबी पुढे वारली. तिची मुलं फुलसावंगीत आहेत. पण सुभद्राबाईंनी बोली मोडली नाही. जन्मदिवस करायचा नाही, ओवाळायचं नाही, लेक म्हणायचं नाही. जगासमोर तर नाहीच, पण घरातही नाही. कारण सटवाईला भिंत आड येत नाही.

"तुमचा विश्वास आहे यावर?" मी विचारलं. तेव्हा मी गावोगाव जाऊन अंधश्रद्धेवर प्रयोग करून दाखवायचो. नारळातून धूर काढायचा, जिभेवर कापूर जाळायचा. पेटीच होती माझी.

"माहा? ढोले सर, मी भूगोल शिकवतो. सटवाई कोन्या अक्षांशावर राह्यते, सांगा बरं? माहा काही विश्वास नाही. पन तिचा हाये. मले काय, केक भेटला नाही, एवढंच. तिले तं लेक भेटला नाही."

मग त्यांनी तो भज्याचा घास तोंडात टाकला. थंड झाला होता.

सर निवृत्त झाले, त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला मी ते केलं. मी स्वतः त्याच्या थोडं आधी निवृत्त झालो होतो, आणि रिकामा माणूस दुसऱ्याचं भलं करायच्या फार मागे लागतो. जुन्या विद्यार्थ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यांना मी सांगितलं, सरांनी जन्मभर तुमचे वाढदिवस केले, त्यांचा एकही झाला नाही, आपण करू. पोरं हरखली. त्यांना यामागचं काहीच ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं. मला वाटलं, लेक साठीला आला, आता काय व्हायचं राहिलंय? एकदा सगळ्यांसमोर ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी सर धडधाकट दिसले, की म्हातारीच्या मनातली भीती आपोआप जाईल. कापूर जिभेवर जळतो पण जीभ भाजत नाही, हे दाखवावं तसं. आणि खरं सांगायचं तर, ते दाखवणारा मीच असावा, असंही वाटत होतं.

सरांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही.

चौकात दरवर्षी लाकडी बैलांची स्पर्धा भरते. सुभद्राबाईंना मी सांगितलं, बक्षिसं तुमच्या हातून द्यायची आहेत. खूष झाल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या, मंचावर खुर्चीत बसल्या. सर खाली मैदानात बैल बघत होते, परीक्षक म्हणून; एरवी त्या दिवशी घरात बसणाऱ्यांना मीच गळ घालून आणलं होतं. बक्षिसं वाटून झाली. मग पोरांनी मागचा पडदा ओढला. सरांचा हा एवढा मोठा फ्लेक्स. कुणीतरी बाईंच्या हातात निरांजनाचं ताट दिलं आणि मी माइकवर म्हणालो, "आज गावंडे सरांचा खरा वाढदिवस! आणि त्यांना जन्म देणारी माउली आज त्यांना पहिल्यांदा ओवाळणार आहे!"

टाळ्या पडल्या. बाईंनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, मग ताटाकडे. ताट खाली ठेवलं. इतकं हळू की ज्योत हललीसुद्धा नाही.

"हा माहा लेक नोहे," त्या म्हणाल्या.

माइक मी त्यांच्या तोंडासमोर धरला होता. सगळ्या चौकाने ऐकलं. कुणीतरी हसलं.

अजूनही मी थांबू शकलो असतो. पण मला वाटलं, हीच वेळ आहे, आता माघार नको. मी म्हणालो, "आजी, भिऊ नका. काही होत नसतं. सर तुमचेच आहेत ना? एकदा सांगून टाका सगळ्यांना."

त्या थरथर कापायला लागल्या. "मले लेकरूच नाही," त्या ओरडल्या. "मले कोनी नाही! इचारा कोनालेही!" आणि गर्दीत सरांना शोधू लागल्या. बुडणारा माणूस काठाकडे पाहतो, तसं त्यांचं पाहणं होतं.

सर मंचावर आले, ते त्यांच्या त्या लांब टांगा टाकतच. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. माझं मनगट धरलं, माइकसकट स्वतःच्या तोंडाशी नेलं, आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले,

"बाई खरं सांगून राह्यल्या. मी ह्यायचा कोनी नाही. ह्यायनं मले जलम देल्ला नाही. कार्यक्रम चालू ठेवा."

आणि सुभद्राबाईंचा रोखलेला श्वास सुटला. मी त्यांच्या शेजारी उभा होतो म्हणून मला दिसलं. खांदे खाली आले, कापरं थांबलं. त्यांनी सरांकडे असं पाहिलं, की आयुष्यात कुणी माझ्याकडे तसं पाहिलेलं मला आठवत नाही.

पण फोनवर जो व्हिडिओ फिरला, त्यात बाईंचा चेहरा नाही. तो सरांच्या बाजूने काढलेला आहे. त्यात एक उंच म्हातारा मास्तर माइक हिसकावतो, आईला भर चौकात नाकारतो आणि तिचा दंड धरून तिला ओढत नेतो. प्रत्यक्षात त्याच पुढे पळत होत्या, सर मागून त्यांना सावरत होते.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी सरांना घराबाहेर काढलं. "ज्याचं लेकरू त्याच्या घरी जाऊ दे. पाहू दे तिले, कोठी राह्यते थे." ती म्हणजे सटवाई. सर मुकाट्याने पिशवी भरून फुलसावंगीला गेले आणि फातमाबीच्या मुलाकडे, रफिककडे, काही आठवडे राहिले. रफिकने का म्हणून विचारलं नाही. "भाईजान, मां का घर है," एवढंच म्हणाला. इकडे बोरीत लोक म्हणाले, "पाह्यलं? पेन्शन सुरू झाली तं मायले टाकून गेला."

त्यांच्या मुलीचं, स्वातीचं, लग्न दिग्रसच्या एका घरी ठरत आलं होतं. त्या लोकांपर्यंत व्हिडिओ गेला. निरोप आला : ज्या घरात जन्मदात्या मायची ही गत, तिथली पोरगी आम्हाला नको.

स्वाती माझ्याकडे आली. "काका, तुम्हाला सगळं माहीत आहे. एकदा दिग्रसला जाऊन सांगा ना त्यांना. बाबा बोलणार नाहीत."

मी आधी फुलसावंगीला गेलो, सरांना विचारायला. ते रफिकच्या दुकानासमोर खाटेवर बसले होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, "राहू द्या. तुमी चांगल्यासाठीच केलं असन." मी दिग्रसचं काढलं.

"नका जाऊ," ते म्हणाले.

"अहो, पोरीचं लग्न मोडतंय!"

"तितं सांगसान, तं थे बोरीत येईन. मंग कोनी बाई आमच्या ओट्यावर येऊन बसन अन् म्हनन, 'आजी, सर तुमचाच लेक हाये म्हने! तुमी सोंग करता म्हने!' मंग तिनं काय कराचं? जलमभर जे झाकलं, थे चावडीवर आलं म्हनून हाय खाऊन मरन थे."

"आणि स्वाती?"

"स्वातीले दुसरं घर भेटन. बाईले दुसरा लेक कोठून भेटन?"

मी परत आलो. खोटं कशाला बोलू, परतीच्या बसमध्ये मला हलकं वाटत होतं. त्यांनीच नको म्हटलं होतं. आता मी दिग्रसला काही सांगितलं नाही, तरी ती त्यांचीच इच्छा ठरत होती. सगळं ठाऊक असूनही मी तो वाढदिवस घडवला, हे मला कुणाला सांगावं लागणार नव्हतं.

एवढ्यावर राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण त्यानंतर सलूनमध्ये दाढीला बसलो असताना एकाने फोन माझ्यापुढे धरला. "ढोले सर, तुमी तं तितंच होते. असा मानूस इतकी वर्सं पोट्टे शिकवत होता?" दुकानातले सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांच्या घरातलं काही उघड न करताही एवढं तरी म्हणू शकलो असतो, की मी गावंडेंना ओळखतो, हे खरं नाही. मी म्हणालो, "असतात एकेकाच्या घरच्या गोष्टी."

गावाला तेवढं पुरलं. तिथे हजर असलेला, शिकलेला, इतक्या वर्षांचा सोबती तसं म्हणतो, म्हणजे खरंच असणार.

बाईंची धास्ती ओसरली, तेव्हा सर परत आले. त्यानंतरची वर्षं ते त्या गावात राहिले, हे मी पाहिलं आहे. भाजीवाली त्यांना तोलून द्यायची, पण बोलायची नाही. जुने विद्यार्थी लांबूनच रस्ता बदलायचे. ज्याला त्यांनी बोरीचा नाला शिकवला होता, तो मारुती राठोड आता ग्रामपंचायतीत सदस्य आहे. एकदा बाजारात सर्वांदेखत त्याने ऐकवलं, "सर, आमच्या तांड्यावर या एक डाव. मायले कसं ठेवतेत, शिकवतो." सर म्हणाले, "येतो. गोल घेऊन येऊ का?" मारुती हसला नाही.

आणि घरी बाईंना यातलं काही कळू दिलं नाही. बाईंना वाटायचं, जग शांत आहे, लेकरू सुरक्षित आहे. त्या पुन्हा ओट्यावर बसून "सर आले का?" असं ओरडायला लागल्या. स्वातीने पुढे तिच्या कामावरच्या एका मुलाशी अमरावतीत लग्न केलं. छान चाललंय. पण मी दिलेला आहेर तिने परत पाठवला. बरोबरच केलं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी निर्मलावहिनींचा फोन आला, या म्हणून. मी गेलो. बाई खाटेवर होत्या, चिमणीएवढ्या झालेल्या. ओळख राहिली नव्हती. सर पायथ्याशी बसले होते.

बाईंनी डोळे उघडले, सरांकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "फातमा, आली का व?"

वहिनींनी तोंडाला पदर लावला.

"आली तं घेऊन जाय तुहा लेक," बाई म्हणाल्या. "सांभाळला मी. पाह्यून घे नीट. हात पाह्य, पाय पाह्य. पुरा हाये ना?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला सांगता येणार नाही. ते पुढे सरकले, बाईंचा हात हातात घेतला, आणि लहानपणी ऐकलेल्या त्या चुडीवाल्या बाईच्या बोलीत म्हणाले, "हां सुभद्रा. मिल गया. पूरा है. बहुत अच्छा रखा तूने."

"मंग झालं बाप्पा," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोक्षधामात गाव आलं होतं. येतंच. मी सरांच्या मागे उभा होतो. लाकडं रचली होती, सरांच्या खांद्यावर मडकं होतं. त्यांनी फेऱ्या घातल्या, मडकं फोडलं, अग्नी दिला. आता इथे मुलगा हंबरडा फोडतो, तशी आमच्याकडची रीत. सर नुसते उभे राहिले. माझ्या मागून कुणीतरी कुजबुजलं, "रडाले पानी लागते डोयात."

मग त्यांनी तोंड उघडलं. घरात, दारात, आजारपणात ते त्यांना "बाई"च म्हणत आले होते. ते मी इतकी वर्षं ऐकलं होतं, की त्यात काही वेगळं आहे असं मला वाटेनासं झालं होतं.

"माय," सर म्हणाले.

आवाज नीट लागला नाही. साठी ओलांडलेल्या माणसाने परक्या मुलखातला शब्द पहिल्यांदा उच्चारून पाहावा, तसा तो आला. मागे दोघंतिघं हसले. सरांनी घसा साफ केला आणि तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. या वेळी थोडा बरा जमला.